खिसा बेताचा आणि निसर्गसंवर्धनात एम.एस्सी. करायची आहे: खानदेशातून वारंवार येणारे प्रश्न

दरवर्षी पदवीचे निकाल लागले की रावेर, शिरपूर, साक्री, शहादा, तळोदा इकडून फोन सुरू होतात. विचारणारी बहुतेक मुलं शेतकरी नाहीतर शेतमजूर घरातली, पुष्कळदा घरातली पहिलीच पदवीधर. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. फीचे आकडे दरवर्षी बदलतात, ते त्या-त्या संस्थेच्या यंदाच्या माहितीपत्रकातूनच घ्या. निवड कशी करायची, ते इथे आहे.

१. 'नैसर्गिक संसाधन संवर्धन' नावाची पदवी कुठल्याच यादीत दिसत नाही. मग शोधायचं काय?

आपल्याकडे या नावाची पदवी क्वचितच असते. तोच अभ्यास वेगवेगळ्या नावांखाली वाटला गेला आहे, म्हणून नावाऐवजी आपला ओढा कशाकडे आहे ते आधी ठरवा. पाण्याकडे आणि जमिनीकडे असेल तर पर्यावरणशास्त्र, भूशास्त्र, मृदाशास्त्र किंवा मृद व जलसंधारण अभियांत्रिकी. जंगलाकडे असेल तर वनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र. प्राणी-पक्ष्यांकडे असेल तर वन्यजीवशास्त्र, जैवविविधता किंवा प्राणिशास्त्र. आणि जंगल-पाणी कुणाच्या हक्काचं, गावानं ते कसं सांभाळायचं, या प्रश्नांकडे असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणचे उपजीविका आणि संसाधनांच्या कारभारावरचे अभ्यासक्रम.

नाव कोणतंही असो, दोन वर्षांचे विषय आणि प्रबंध कशावर होतात ते पाहा. 'पर्यावरणशास्त्र' हेच नाव लावून एक विभाग सांडपाणी-प्रक्रियेवर भर देतो, तर दुसरा परिसंस्थांवर. दोन्ही चांगलेच, पण तुम्हाला त्यातला एकच हवा असतो.

२. घरापासून लांब जाता येणार नाही. खानदेशात काय आहे?

पहिलं नाव जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं. १९९० मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे येतात. तिथल्या पर्यावरण व भूविज्ञान प्रशालेत पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी. होते. सरकारी विद्यापीठ, परिसरात वसतिगृह आणि 'कमवा आणि शिका' योजना, त्यामुळे खर्चाच्या हिशेबात (प्रश्न ४) हा पर्याय बहुतेकांना सर्वात हलका पडतो.

बी.एस्सी. कृषी झालेल्यांसाठी धुळ्याचं कृषी महाविद्यालय आहे. ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. निवडक विषयांत तिथे एम.एस्सी. कृषी होते आणि प्रवेश कृषी विद्यापीठांच्या राज्यस्तरीय सामाईक परीक्षेतून मिळतो. मृद व जलसंधारण अभियांत्रिकीत एम.टेक. करायचं तर राहुरी गाठावी लागते. साधी बी.एस्सी. झालेल्यांना कृषी विद्यापीठांची ही वाट बहुतेक बंद असते, ते आधीच लक्षात घ्या.

तिसरी वाट म्हणजे तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांतली वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगोल यांची एम.एस्सी. पुष्कळ जण तिला दुय्यम मानतात. मी मानत नाही. नोकरीच्या काही जाहिरातींत मूळ विषयाच्या पदवीलाच जास्त दारं उघडी असतात (प्रश्न १३).

३. जवळचं कॉलेज निवडलं तर शिक्षण कमी दर्जाचं होईल का? पुण्या-मुंबईची मुलं पुढे जातील ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यामागची धाकधूक मला ठाऊक आहे. संवर्धनाचा विद्यार्थी तयार होतो क्षेत्रकामात. आणि क्षेत्र म्हणून खानदेशाइतका भरगच्च मुलूख मला तरी दुसरा दिसत नाही.

रावेर-यावलचा केळीपट्टा घ्या. तापीकाठचा गाळाचा थर, वर सातपुड्याच्या पायथ्याला पाणी सहज मुरवणारा बजाडा पट्टा, आणि तरीही हे तालुके भूजल अतिशोषित म्हणून नोंदलेले. पाणी मुरण्याची जागा आणि पाणी उपसण्याची जागा दोन्ही एका दिवसात पायी पाहता येतात. पश्चिमेला पांझरा नदीवरची फड पद्धत आहे. बंधारा, पाट, सामायिक फडात (शेतांच्या एका गटात) एकच पीक, आणि पाणीवाटपासाठी गावानं नेमलेला पाटकरी. सामूहिक सिंचनाची ही व्यवस्था काही शतकं चालली आहे, आणि तिची माहिती सांगणारी म्हातारी माणसं अजून भेटतात. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद-खोल करून बंधाऱ्यांच्या साखळ्या उभ्या राहिल्या. त्या कामाचं कौतुक झालं, तसे भूजलतज्ज्ञांचे मतभेदही झाले. प्रबंधाला याहून चांगला विषय कोणता? साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं उजाड डोंगरावर जंगल परत आणलं आणि त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आणि १८८४ नंतर तब्बल ११३ वर्षं कुणाला न दिसलेला रानपिंगळा (एक छोटं घुबड) नोव्हेंबर १९९७ मध्ये पुन्हा सापडला तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी.

आता भाषेबद्दल. अहिराणी, पावरी, भिली, तडवी घरात बोलणाऱ्या मुलांना वाटतं की ही आपली उणीव आहे. धडगावच्या पाड्यावर वनहक्काच्या दाव्याबद्दल विचारायला गेलेल्या बाहेरच्या संशोधकाला दुभाष्या लागतो आणि अर्धी गोष्ट त्या मधल्या माणसापाशीच अडकते. तुम्हाला ती पूर्ण ऐकू येते. ही भाषा कुठल्याही विद्यापीठात दोन वर्षांत शिकवून येत नाही.

पण जवळचं आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नका. विभागात जाऊन विचारा: वर्षातले किती दिवस शिवारात किंवा जंगलात जातात? प्रबंध स्वतः गोळा केलेल्या माहितीवर होतो की जुन्या प्रती फिरतात? नकाशे आणि उपग्रह-चित्रांचं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष हाताळायला मिळतं का? गेल्या दोन-तीन वर्षांतली मुलं आज कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरांपेक्षा त्या मुलांनाच विचारा. मी स्वतः एका संस्थेचं गुळगुळीत माहितीपत्रक पाहून प्रवेश घेतला होता. फी भरायला घरचा एक बैल विकला. दोन वर्षांत क्षेत्रभेट झाली सहा दिवस. तो हिशेब मला अजून सलतो, म्हणून हे चार प्रश्न मी प्रत्येकाला तोंडपाठ करायला लावतो.

४. स्वस्त म्हणजे किती? नुसती फी पाहून चालेल का?

चालणार नाही. वहीत चार रकाने आखा. पहिल्यात फी: शिकवणी, परीक्षा, प्रयोगशाळा, ग्रंथालय, अनामत. दुसऱ्यात राहणं, जेवण आणि गावाकडे येण्या-जाण्याचं भाडं. तिसऱ्यात क्षेत्रकाम आणि प्रबंध: बूट, गाडीभाडं, पाणी-मातीच्या नमुन्यांची तपासणी, छपाई. चौथ्यात, शिकत नसता तर घरात जे कमावून आणलं असतं ते. पहिल्या तिघांच्या बेरजेतून शिष्यवृत्ती वजा करा. चौथा रकाना कुणी लिहीत नाही, पण घरातला वाद बहुतेक वेळा त्याच्यावरूनच होतो. तो आई-वडिलांसमोर मांडलेला बरा.

नमुन्यासाठी एक हिशेब. खोलीचे महिन्याला २,५०० आणि मेसचे ३,००० धरले तर २० महिन्यांचे १,१०,००० रुपये होतात. म्हणजे घरून जाऊन-येऊन होणारा किंवा सरकारी वसतिगृह मिळवून देणारा अभ्यासक्रम फीने थोडा महाग असला तरी एकूण स्वस्त ठरू शकतो. उलट, फी माफ असलेली लांबच्या शहरातली जागा महागात पडू शकते.

तिसऱ्या रकान्याबद्दल एक सूचना. नमुन्यांची तपासणी विभागाच्या प्रयोगशाळेत होते की बाहेर पैसे भरून करावी लागते, हे प्रवेशाआधी विचारा. ऐन चौथ्या सत्रात हा खर्च समोर आला की मुलं प्रबंधाचा विषयच छोटा करतात.

५. कोणत्या शिष्यवृत्त्या मिळू शकतात?

राज्याच्या बहुतेक योजना महाडीबीटी पोर्टलवर आहेत. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २.५ लाख. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गासाठी वेगळ्या योजना आहेत. आर्थिकदृष्ट्या दुर्बल खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची मर्यादा ८ लाख. ती आपल्या अभ्यासक्रमाला आणि महाविद्यालयाला लागू आहे ना, ते पोर्टलवर तपासून मगच घरी सांगा.

राहण्या-जेवणासाठीच्या योजना वेगळ्या असतात आणि पुष्कळांना त्या माहीतच नसतात. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. आदिवासी विद्यार्थ्यांनी नंदुरबार, तळोदा, धुळे किंवा यावल यांपैकी आपल्या प्रकल्प कार्यालयात एकदा समक्ष जाऊन यावं. फोनवर अर्धवट माहिती मिळते.

अर्ज अडतो तो लहानसहान गोष्टींवर. बँक खातं आधारशी जोडलेलं नसणं, तहसीलदाराच्या उत्पन्न दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपलेली असणं, हजेरी ७५ टक्क्यांखाली जाणं. क्षेत्रकामाचे दिवस हजेरीत धरले जातील याची विभागाकडून नोंद करून घ्या.

६. मुलींची फी पूर्ण माफ झाली आहे ना?

जुलै २०२४ चा शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना तो लागू होतो, आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. विद्यापीठातली नेहमीची एम.एस्सी. व्यावसायिक अभ्यासक्रमांत मोडत नाही. तेव्हा 'पोरीची फी माफच आहे' असं धरून चालू नका. या मुलींनी प्रश्न ५ मधल्या योजना पाहाव्यात.

७. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात. तोवर काय?

उशिरा येतात हे खरं आहे, म्हणून पहिल्या सहा महिन्यांचा राहण्या-जेवणाचा खर्च हाताशी ठेवूनच निघा. प्रवेशाच्या वेळी शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्याकडून किती रक्कम घेणार, हे लेखी विचारा. 'कमवा आणि शिका'चा अर्ज पहिल्याच आठवड्यात करा, जागा भरून जातात.

कर्ज काढायची वेळ आली तर आधी पीएम-विद्यालक्ष्मी पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामिनाशिवाय कर्ज मिळतं. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज-सवलत आहे. मात्र आपली संस्था त्या यादीत हवी. सावकाराकडून किंवा पिकाच्या भरवशावर व्याजानं पैसे उचलून शिकू नका. असं केलेली मुलं दुसऱ्या सत्रात परत आलेली मी पाहिली आहेत.

८. महाराष्ट्राबाहेर कुठे अर्ज करावा?

डेहराडूनची वन संशोधन संस्था हे अभिमत विद्यापीठ आहे. तिथे वनशास्त्र आणि पर्यावरण व्यवस्थापनात एम.एस्सी. आहे, साध्या बी.एस्सी.वाल्यांनाही अर्ज करता येतो आणि प्रवेश लेखी परीक्षेवर होतो. डेहराडूनचीच भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र इथल्या वन्यजीवांवरच्या एम.एस्सी. नावाजलेल्या आहेत, पण जागा मोजक्याच असतात. बंगळुरूला प्रवेश दर दोन वर्षांनी होतो, म्हणून तारखा वर्षभर आधीपासून पाहत राहा. भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था भुसावळहून रेल्वेनं जवळ आहे, परंतु तिथला व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम लाखांत जातो. तो कर्जाचा हिशेब करूनच घ्या.

नंदुरबार-नवापूरच्या कृषी आणि वनशास्त्राच्या पदवीधरांसाठी एक नाव बहुधा कुणी सुचवत नाही: नवसारी कृषी विद्यापीठ. तिथे वनशास्त्राचं महाविद्यालय आहे, आणि सुरतच्या रेल्वेनं ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठापेक्षा कितीतरी सोयीचं. परराज्यातल्या कृषी विद्यापीठात जायचं तर भारतीय कृषी संशोधन परिषदेची प्रवेश परीक्षा द्या. तिच्यातून जागाही मिळते आणि राज्याबाहेर शिकणाऱ्यांसाठीची शिष्यवृत्तीही.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ज्या राज्याचे रहिवासी त्या राज्याकडून मिळते, त्यामुळे बाहेर गेलात म्हणून हक्क जात नाही.

९. माझं बी.ए. झालं आहे. मला दार बंद का?

नाही. टाटा संस्थेच्या तुळजापूर आणि मुंबई इथल्या अभ्यासक्रमांना कला शाखेचे विद्यार्थी चालतात. अझीम प्रेमजी विद्यापीठात उत्पन्न पाहून फीत आणि वसतिगृहात मोठी सवलत मिळते. बी.ए. भूगोल असेल तर भूगोलाची एम.ए. करून नकाशाशास्त्रावर पकड बसवा. पाणलोटाच्या कामात अशा माणसाची गरज असते. घरूनच शिकायचं असेल तर पुढचा प्रश्न पाहा.

१०. शेती सांभाळून, घरबसल्या करता येईल का?

इग्नूची पर्यावरण विषयातली एम.ए. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला करता येते, पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी.ही आहे. दूरस्थ अभ्यासक्रमाला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरस्थ शिक्षण मंडळाची त्या वर्षाची मान्यता आहे का, ते यूजीसीच्या संकेतस्थळावर तपासा. एजंटच्या शब्दावर जाऊ नका. बढतीसाठी किंवा सामाजिक संस्थेत काम करताना ही पदवी चांगली उपयोगी पडते. पण प्रयोगशाळा आणि सोबतीनं केलेलं क्षेत्रकाम तिच्यात कमी मिळतं, ते स्वतः मिळवावं लागेल. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे. तेव्हा जळगावला नियमित एम.एस्सी. करता करता दुसरी दूरस्थ पदवीही घेता येते.

११. चार वर्षांची ऑनर्स पदवी केली तर एक वर्ष वाचतं का?

पदव्युत्तर पदवीचं एक वर्ष कमी होतं, एकूण शिक्षणाचं नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची आणि चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी आहे. एकूण वर्षं पाचच. चौथं वर्ष गावाजवळच्या कॉलेजात काढता आलं तर बाहेर राहण्याचा एक वर्षाचा खर्च वाचतो, हा खरा फायदा. मात्र आपल्या पसंतीच्या विभागात एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू झाला आहे ना, ते आधी विचारा.

१२. वन खात्यात जायचं आहे. ही एम.एस्सी. लागते का?

लागत नाही, आणि हे कळायला मुलांना दोन वर्षं घालवावी लागतात याचं वाईट वाटतं. वनरक्षक भरती बारावीवर होते. एमपीएससीची वनसेवा परीक्षा पदवीवर होते. यूपीएससीच्या भारतीय वन सेवेसाठी पदवीला ठरावीक विषय लागतात: वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र, पशुवैद्यक, किंवा कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकी. त्या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. ज्यांच्या पदवीत यातला एकही विषय नाही, त्यांनी एम.एस्सी.वर भिस्त न ठेवता नियम नीट वाचावेत.

एम.एस्सी.चा उपयोग होतो तो संशोधन प्रकल्पांत, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या काही पदांसाठी, पर्यावरणीय आघात मूल्यांकनात आणि बाएफ किंवा वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट यांसारख्या संस्थांच्या कामात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे जायचं तर भूशास्त्रच घ्या.

१३. प्राध्यापक व्हायचं असेल तर?

५५ टक्के गुणांची एम.एस्सी. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेटमध्ये पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. अडचण पुढे येते: बहुतेक महाविद्यालयांत त्याचा स्वतंत्र विभागच नाही, त्यामुळे जागा कमी निघतात. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून प्रबंध संवर्धनावर केला, तर दोन्ही डगरींवर पाय भक्कम राहतो.

१४. जर्मनीत शिक्षण फुकट असतं म्हणतात. खरं का?

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात उष्णकटिबंधीय वनशास्त्राची पदव्युत्तर पदवी आहे, आणि आपल्यासारख्या मुलखातली जंगलंच तिचा विषय आहेत. पण व्हिसासाठी वर्षभराचा निर्वाहखर्च म्हणून ११,९०४ युरो 'ब्लॉक्ड' खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) दाखवावे लागतात, म्हणजे १० लाखांहून जास्त रुपये. म्हणून शिष्यवृत्तीशिवाय हा बेत करू नका. इरास्मस मुंडस शिष्यवृत्तीत फी आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात. जर्मन सरकारच्या विकासविषयक शिष्यवृत्तीला किमान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. तेव्हा आधी इथे एम.एस्सी. आणि काम, मग तो अर्ज, हा क्रम बरा.

१५. राज्यात माझा दाखला एका प्रवर्गाचा आहे, केंद्रीय संस्थेच्या अर्जात तो प्रवर्गच दिसत नाही. काय भरू?

विमुक्त-भटके आणि विशेष मागास हे प्रवर्ग महाराष्ट्राचे. त्यांतल्या बहुतेक जाती केंद्राच्या इतर मागासवर्ग यादीत आहेत, तेव्हा ती यादी पाहून केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेयर दाखला काढा. राज्याच्या नमुन्यातला दाखला छाननीत बाद होतो. सामाजिक-शैक्षणिक मागास (मराठा) प्रवर्ग केंद्रात नाही, अटी पूर्ण होत असतील तर तिथे आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करता येतो. आर्थिक दुर्बल घटकाचा हा दाखला दर आर्थिक वर्षाला नवा लागतो. तहसील कचेरीत एप्रिल-मे मध्येच जाऊन या, जूनमध्ये रांगा लागतात.

१६. एका ठिकाणी फी भरली आणि नंतर दुसरीकडे चांगली जागा मिळाली. पैसे परत मिळतात का?

मिळतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी (प्रक्रियेपोटी जास्तीत जास्त ५ टक्के, तेही ५,००० रुपयांच्या आत कापता येतात), शेवटच्या १५ दिवसांत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के आणि त्यापुढे काहीच नाही. अलीकडे काही वर्षी यूजीसीने याहून जास्त सवलत दिली होती, म्हणून त्या वर्षाचं परिपत्रक पाहा. रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. मूळ गुणपत्रिका आणि दाखले संस्थेला अडवून ठेवता येत नाहीत. तसं कुणी केलं तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार करा, आणि पोच घेतलेली ती प्रत तक्रारीला जोडा.